तळाशी साचलेले धातू

मित्रहो, 'धातू' हा शब्द मी आयुष्यभर व्याकरणाच्या तासाला शिकवला. आज त्याचा दुसरा अर्थ घेऊन आपणांसमोर उभा आहे, याचे विज्ञानशाखेच्या मंडळींनी नवल मानू नये. 'गाळ' आणि 'गाळणे' ही तर एकाच मुळाची भावंडे.

१५६२ मध्ये बांधलेला आपला हुसेनसागर एके काळी शहराला पिण्याचे पाणी पुरवीत असे. पुढे कूकटपल्ली नाल्यातून कारखान्यांचे सांडपाणी त्यात उतरले. त्यातील शिसे, तांबे, कॅडमियम हे धातू पाण्यात फार काळ विरघळलेले राहत नाहीत. त्यांच्या आयनांवर धनभार, तर चिकणमातीच्या कणांवर ऋणभार. कण जितका बारीक तितकी पकड अधिक. शिवाय लोह व मँगनीज यांच्या ऑक्साइडांची पुटे आणि कुजलेला जैव अंश त्यांना धरून ठेवतात. तळाचा प्राणवायू संपला की त्यांची गंधकाशी गाठ पडते आणि सहजी न विरघळणारी सल्फाइडे तयार होतात. वरचे पाणी निवळते, आणि आपण म्हणतो, तलाव सुधारला!

हे बंधन मात्र कायमचे नव्हे. पाणी आम्लधर्मी झाले, किंवा उपसलेला गाळ काठावर उघडा टाकला, तर हवेने सल्फाइडे मोडतात व धातू पुन्हा मोकळे होतात. म्हणून गाळ काढण्याआधी तो टाकणार कोठे, हे विचारले पाहिजे.

मूर्तींच्या रंगांतही शिसे असू शकते, हे मला फार उशिरा कळले. तोवर आमच्या घरचे गणपती मी याच पाण्यात सोडत आलो होतो.