हृदयातील व्रण

शरीरावरचा व्रण माणसाला दिसतो. लहानपणी झाडावरून पडल्याची किंवा विळीने बोट कापल्याची खूण आपण कौतुकाने दाखवितो. हृदयावर उमटलेला व्रण मात्र ज्याचे हृदय त्यालाही ठाऊक नसतो.

दिल्लीतील माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांना मधुमेह होता. एका रात्री त्यांच्या छातीत जळजळले. पित्त समजून त्यांनी थंड दूध घेतले व ते झोपी गेले. काही महिन्यांनी जिना चढताना धाप लागू लागली. तपासणीत हृदयाची एक भिंत हालत नाही असे आढळले, आणि प्रश्न उभा राहिला : ही भिंत मेली आहे, की केवळ निजली आहे?

रक्त अपुरे पडू लागले म्हणजे हृदयाचा स्नायू कधीकधी काम थांबवितो, पण जिवंत राहतो. पुरवठा पूर्ववत झाला तर तो जागा होऊ शकतो. मेलेला स्नायू मात्र पुन्हा उपजत नाही. त्याची जागा चिवट तंतू घेतात. वरवर पाहता दोन्ही सारखेच निश्चल!

येथे एमआरआय यंत्र उपयोगी पडते. भारतातील पहिले असे यंत्र 1986 साली दिल्लीतच, संरक्षण खात्याच्या ‘इन्मास’ या संस्थेत आले. नेहमीच्या 1.5 टेस्ला यंत्रातील चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. त्यात क्ष-किरण नसतात. शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणाऱ्या संदेशांतून चित्र घडते. व्रण पाहण्यासाठी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. निरोगी स्नायूतून ते लवकर धुऊन जाते. व्रणातील तंतूंमधल्या मोकळ्या जागेत रेंगाळते. दहा-वीस मिनिटांनी घेतलेल्या चित्रात निरोगी स्नायू काळा दिसतो, व्रण पांढरा.

शिकागो येथील संशोधकांनी 2000 साली 50 रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्रण नसलेले निश्चल भाग रक्तपुरवठा सुधारल्यावर बहुधा हालू लागले. भिंतीच्या जाडीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग व्रणाने व्यापला असेल, तर सुधारणा क्वचितच झाली.

तथापि चित्र म्हणजे निवाडा नव्हे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत, जिवंत स्नायू शिल्लक असलेल्या दुर्बळ हृदयांच्या वाहिन्या फुगा व जाळी घालून उघडल्या; तरी केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा ते रोगी अधिक जगले असे आढळले नाही. शिवाय मूत्रपिंडे फार बिघडलेल्यांना हे औषध देताना विशेष सावधगिरी लागते. म्हणून चित्र, रोगी आणि वैद्याचा अनुभव यांचा मेळ घालावा लागतो.

आमच्या गृहस्थांच्या चित्रात भिंतीचा आतला पातळ थर तेवढा पांढरा होता. उरलेली भिंत जिवंत होती. डॉक्टरांनी सर्व बाबी पाहून उपचार ठरविले. आज ते सावकाश का होईना, जिना चढतात. परंतु ती पांढरी रेघ पुसण्याचे सामर्थ्य कोणत्याही यंत्रात नाही. ती त्या रात्रीच उमटली होती.

श्रोतेहो, मधुमेहात हृदयाची वेदना पुष्कळदा बोथट होते. छातीतील जळजळ थांबेना, घाम फुटला, तर ‘पित्त असेल’ असे म्हणून सकाळची वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. व्रण ओळखणारे यंत्र उद्याही असेल; व्रण टाळण्याची घटका मात्र आजचीच असते.