माझी सायकल आणि सत्तर पैशांचा फरक

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं होतं, “काका, दहा मिनिटं बोला, संस्थेच्या इतिहासावर बोला.” इतिहास याच स्मरणिकेत छापलेला आहे, जमाखर्चही आहे. ते पुन्हा वाचून दाखवलं तर तुम्ही जेवणाच्या पंगतीकडे बघत बसाल. म्हणून मी आज एका वेगळ्याच विषयावर बोलतो. माझ्या पोर्चमध्ये जी काळी सायकल टांगलेली असते, तिच्याबद्दल. येता-जाता प्रत्येकाने मला दोन प्रश्न विचारले आहेत. “काकाजी, केवढ्याची?” आणि “या वयात काहून हो?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, कारण सौ. समोर बसली आहे. दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

मी बँकेत लागलो तेव्हा माझी पहिली शाखा खेड्यातली होती. पीक कर्जाचे अर्ज आले की शेतात जाऊन कपाशी, तूर, ज्वारी बघायची आणि मग शिफारस करायची. जीप वगैरे साहेब लोकांना. आम्हाला सायकल. माझी अॅटलस होती, कॅरिअर, स्टँड, डायनॅमो धरून वीस किलोच्या आसपास वजनाची. पावसाळ्यात पांदणीत शिरलं की चाकाला काळी माती अशी लपेटायची, की सायकल माझ्यावर आणि मी पायांवर, असं घरी यायचो. पुढे स्कूटर आली, प्रमोशन आलं, पोट आलं. सायकल गेली.

२०२० साली लॉकडाऊनमध्ये पेपरात एक बातमी वाचली. अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जूनला बंद झाला. ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेली कंपनी. मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. त्याच्या आधी तीन वर्षं, २०१७ मध्ये, आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी अमेरिकेची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली होती. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. त्याच वर्षी नाशिकच्या लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली, आणि २०१५ मध्ये नाशिकच्याच डॉ. महाजन बंधूंनी दोघांच्या गटात. ती कात्रणं मी ठेवली होती. मला अमेरिका ओलांडायची नव्हती. केळापूरच्या जगदंबेपर्यंत जाऊन दम न लागता परत आलो तरी पुष्कळ होतं.

आता सायकल कोणती? आपल्या गावातून ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो. नागपूर ते आदिलाबाद ट्रकांची रांग. तिथे माझ्यासारख्याने सायकल चालवू नये. पण महामार्गावरून शंभर मीटर आत वळलं की पांदण रस्ते आहेत, आणि पांदणीसाठी जी सायकल लागते तिला जगात माउंटन बाइक म्हणतात. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही हौशी पोरांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या रस्त्याने खाली सोडायला सुरुवात केली, त्यातून ती निघाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिची शर्यतही झाली. म्हणजे मी पंचवीस वर्षांचा असताना कपाशी बघायला जायचो, ते माउंटन बायकिंगच होतं. फक्त मला भत्ता सायकलचा मिळायचा.

पुण्याचा भाचा या नादातला आहे. तो म्हणाला, “मामा, कार्बनची घ्या, हलकी असते. तयार घ्याल तर फार महाग पडेल. फ्रेम चीनहून मागवा, बाकी पार्ट जपान-तैवानचे, आणि घरीच जोडा.” घरीच जोडा म्हटल्यावर मी फसलो. निवृत्त माणसाला ‘घरीच करा’ हे शब्द फार गोड लागतात.

कार्बन म्हणजे काय ते पोरांना सांगून ठेवतो. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतके बारीक काळे धागे. त्यांचं कापड करतात, इपॉक्सी राळेत भिजवतात, थरावर थर देतात. एक थर उभा, एक आडवा, एक तिरका, जिकडे ताण यायचा तिकडे धाग्याची दिशा. मग साच्यात घालून भाजतात. ओढलं तर पोलादाला भारी. पण चिमटलं, दाबलं, ठेचलं तर नाजूक. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा वाचलं होतं, वहीत उतरवलंही होतं. लक्षात ठेवा.

पार्सलं यायला दोन महिने लागले. कस्टमवाल्यांना आधार कार्ड पाठवायचं, मग मालाची किंमत अधिक वाहतूक यावर ड्युटी, आणि ड्युटीसकट रकमेवर पुन्हा आयजीएसटी. करावर कर कसा बसतो हे आयुष्यभर दुसऱ्यांना समजावलं, या वेळी स्वतः भरून समजलं. फ्रेम आली तेव्हा समोरच्या घरातला मुलगा, तेव्हा अकरावीत होता, त्याने खोका उचलला आणि म्हणाला, “काकाजी, आत काहीच नाही बाप्पा!” सव्वा किलोची फ्रेम. सौ.च्या पोळपाटापेक्षा थोडी जास्त.

खरी गंमत पुढे. आपल्या जुन्या सायकलीत कोणताही पार्ट कोणत्याही सायकलला बसायचा. इथे प्रत्येक भोकाचं माप वेगळं. मागच्या हबची रुंदी १४२ की १४८ मिलीमीटर? पायडलच्या बेअरिंगचं भोक ४१ चं की ४६ चं? मी ४६ चं बेअरिंग मागवलं आणि फ्रेमचं भोक निघालं ४१. ते परत जाईना, तसंच कपाटात पडून आहे, कुणाला पेपरवेट हवा असेल तर सांगा. दुसरं मागवलं. ते दाबून बसवायला जे अवजार लागतं ते फार महाग, म्हणून गावातल्या लेथवाल्याकडून आटे पाडलेला लांब रॉड आणि दोन जाड वॉशर करून घेतले. पोट्टे धरायला, मी पाना फिरवायला. टक् करून बसलं तेव्हा पोर्चमध्ये टाळ्या वाजल्या. पुढे एकच दातेरी चक्र, ३२ दात्यांचं, मागे बारा, त्यातलं सगळ्यात मोठं ५१ दात्यांचं. चढावर पाय असे गरगर फिरतात, की म्हातारा माणूस बसल्या जागी दळण दळतोय असं वाटावं.

पूर्ण झाल्यावर वजन साडेअकरा किलो भरलं. किराणा दुकानातल्या काट्यावर केलं, साक्षीदार इथे बसले आहेत.

मग आम्ही हिंडलो. सकाळी सूर्य नीट वर आल्यावर निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत. २०१८ मध्ये आपल्या पांढरकवडा-राळेगाव भागात वाघिणीची काय दहशत होती ते तुम्हाला सांगायला नको. शेतावर जाणारी माणसं गटाने जायची. टिपेश्वर जवळ आहे, वाघ आहेत, त्यांची हद्द त्यांची. सुन्ना गेटच्या अलीकडूनच आम्ही वळतो. बाभळीच्या काट्यांचा उपद्रव फार, म्हणून टायरमध्ये ट्यूबच नाही, पातळ रबरी दूध घातलेलं आहे. काटा घुसला की ते भोकातून बाहेर येऊन तिथेच घट्ट होतं. एकदा मी एका टायरमधून अकरा काटे उपटले, हवा तशीच. काळ्या मातीवर मात्र जपान-तैवानकडेही उपाय नाही. पाऊस पडला की सायकल घरी.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो.

सीटची जी दांडी असते, ती फ्रेमच्या नळीत जाते. फ्रेमचं माप ३१.६ मिलीमीटर होतं. मी दांडी मागवली ३०.९ ची. दुसऱ्याच फ्रेमचा तक्ता बघून मागवली, चूक माझीच. फरक किती? ०.७ मिलीमीटर. दांडी आत गेली, बरं वाटलं. पण खड्ड्यात आदळलं की सीट हळूहळू खाली सरकायची. मी क्लँप आवळायचो. पुन्हा सरकायची, पुन्हा आवळायचो. त्या क्लँपवर छोट्या अक्षरांत लिहिलेलं आहे, पाच न्यूटन मीटर, यापेक्षा जास्त नाही. ते मोजायला टॉर्क रेंच लागतो. मी म्हटलं, हातालाच अंदाज आहे. असे पाच महिने गेले.

मित्रहो, बँकेत दिवसाच्या शेवटी सत्तर पैशांचा फरक निघाला तर आम्ही रात्री दहापर्यंत बसायचो. खिशातले सत्तर पैसे टाकून मोकळं होता येत नाही, कारण ते सत्तर पैसे कधी सत्तर पैसे नसतात. एकीकडे सातशे जास्त आणि दुसरीकडे सहाशे नव्याण्णव रुपये तीस पैसे कमी, असं काहीतरी त्याखाली दडलेलं असतं. हे मी नव्या पोरांना तीस वर्षं शिकवलं. आणि इथे ०.७ चा फरक समोर दिसत असताना पाना आवळत बसलो.

समोरचा मुलगा तोवर माझ्यापेक्षा चांगली चालवू लागला होता. नागपूरकडे एक स्पर्धा होती, मीच त्याला म्हटलं, माझी सायकल घेऊन जा. जाण्याच्या दोन दिवस आधी मी ती पुसायला घेतली. सीटखाली बसताना कुरकुर आवाज यायचा, मी चेनचा समजत होतो. क्लँप सैल करून वर सरकवला तर त्याखाली केसासारखी एक रेघ. वाटलं, रंगाला चरा असेल. मग एक रुपयाचं नाणं घेऊन नळीवर वाजवत गेलो. टण, टण, टण, आणि त्या रेघेपाशी ठप्प. फुटक्या माठासारखा आवाज. धातू आधी वाकतो, मग मोडतो, म्हणजे सांगून जातो. कार्बन तसं सांगत नाही. उतारावर सीटसकट नळी गेली असती तर तो मुलगा कशावर पडला असता, हा विचार मी पुढे नेऊ शकलो नाही.

आता खरं बोलतो, कारण यासाठीच उभा आहे. मी क्लँप परत खाली केला. रेघ झाकली गेली. आणि त्या रात्री मी ती झाकलेलीच राहू दिली. मनात काय काय आलं. त्या मुलाला ताप आलाय असं सांगू का की सायकल पंक्चर आहे? वरून फडकं गुंडाळून राळ लावू का? या सायकलीवरून मी किती मिरवलो होतो! ‘काकांनी स्वतः जोडली’ असं सगळ्या गावात झालेलं. माझ्याच हाताने ती फुटली हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

खेड्यातल्या शाखेत असताना खात्यातला गोंधळ झाकून ठेवणारी माणसं मी पाहिली होती. त्यातला एकही चोरीच्या इराद्याने सुरू झालेला नव्हता. सगळे एका रात्रीपासून सुरू झाले होते, ‘उद्या बघू’ म्हणून. पहाटे चारला उठून पोर्चमध्ये गेलो आणि क्लँप काढून टेबलावर ठेवला, म्हणजे परत झाकता येऊ नये.

सकाळी मुलाला आणि त्याच्या आईला बोलावलं. रेघ दाखवली, नाणं वाजवून दाखवलं, चूक कुणाची तेही सांगितलं. मुलगा रडवेला झाला, त्याची स्पर्धा गेली. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण पुढचे पंधरा-वीस दिवस त्यांनी त्याला माझ्या पोर्चमध्ये येऊ दिलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. वहिनी, आज सगळ्यांसमोर म्हणतो, तुमचं बरोबर होतं.

कार्बनची दुरुस्ती करणारे कारागीर असतात. पण मला ती फ्रेम पुन्हा कुणाच्या बुडाखाली नको होती. भंगारात तशीच टाकली तर कुणीतरी उचलून वापरेल. म्हणून तोंडाला मास्क लावून, ओलं फडकं धरून, तिची धूळ छातीत जाऊ नये म्हणून, हॅकसॉने तिचे दोन तुकडे केले. बँकेच्या भाषेत बुडीत खातं निर्लेखित केलं. एक तुकडा माझ्या टेबलावर आहे.

नंतर दुसरी फ्रेम आली. या वेळी आधी व्हर्निअर कॅलिपर घेतला, मग टॉर्क रेंच, मग बाकीचं. दांडीला कार्बनची पेस्ट लावतात, तिच्यात बारीक कण असतात, त्यामुळे थोडं आवळूनही दांडी सरकत नाही. माप बरोबर असेल तर ताकद लागतच नाही, हे मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर समजलं. तो मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला की पहिल्यांदा नाणं घेऊन माझी फ्रेम वाजवतो, मग बसतो. मला राग येत नाही.

सचिव घड्याळ दाखवताहेत. एकच सांगतो. आपली संस्था पंचवीस वर्षांची झाली. पाण्याच्या टाकीच्या खांबांवर आपण दर दोन वर्षांनी छान रंग देतो. गेल्या सभेत खांबांची तपासणी करून घ्यायचा विषय निघाला तेव्हा ‘दिसायला तर ठीक आहे’ असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. मी माझं मत बदललं आहे. त्या टाकीखाली आपली लेकरं खेळतात. रंगाच्या आधी नाणं वाजवून बघू या. तपासणीच्या खर्चात माझे पाच हजार धरा.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दोन्ही फ्रेमा, पार्ट, ड्युटी, कपाटातलं बेअरिंग धरून एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे. घरी मी ऐंशी हजार सांगितले होते. हाही फरक आज जाहीर करतो. पुढचं जे काय व्हायचं ते घरी जाऊन होईल.