पाहुणे मोजायचे कुणी?



नाशिकचं द्वारका म्हणजे तीर्थक्षेत्र नव्हे, एक चौक आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथं मिळतात. नाशिकरोड स्टेशनावर उतरलेला यात्रेकरू पंचवटीला निघाला, की त्याची बस किंवा रिक्षा बहुधा द्वारकेवरूनच जाते. शिर्डीहून सिन्नरमार्गे येणारी गाडीही इथंच पोचते. वरून उड्डाणपूल झाला, तरी खालची गर्दी काही हटली नाही.

याच परिसरातल्या एका लहानशा लॉजची वही मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. नाव, गाव, येण्याचं कारण, मुक्काम किती, हे सगळं त्यात लिहून घ्यायचं. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो, 'देवदर्शन'. कधी 'अस्थिविसर्जन', कधी त्र्यंबकेश्वरचा 'नारायण नागबळी'.

मार्च २०२० मध्ये ही वही थांबली. १७ मार्चला शिर्डीचं साईमंदिर दर्शनासाठी बंद झालं, २२ तारखेला जनता कर्फ्यू आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. चौक मात्र रिकामा नव्हता. मुंबईहून उत्तरेकडे निघालेले मजूर डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं घेऊन महामार्गानं पायी चालले होते. १ मे रोजी नाशिकरोडहून भोपाळसाठी त्यांची विशेष गाडी सुटली. माणसं दिसत होती, पण पाहुणा म्हणून आलेला त्यात एकही नव्हता.

८ जुलै २०२० पासून राज्यात लॉज एक तृतीयांश क्षमतेनं उघडायला परवानगी मिळाली. आम्ही खोल्या झाडून-पुसून ठेवल्या. पण देवळं बंद! ज्या गावात माणूस देवासाठी येतो, तिथं देवाचं दार बंद असताना लॉजचं दार उघडून काय उपयोग? मंदिरं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. सुमारे दीड वर्षाच्या काळात देवळं खुली होती ती पाच महिन्यांहूनही कमी.

बंद ठेवणं चुकीचं होतं, असं मी म्हणत नाही. दुसऱ्या लाटेत या शहरानं काय सोसलं ते सर्वांना ठाऊक आहे. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २२ रुग्ण दगावले. अशा दिवसांत गर्दी टाळणं भागच होतं. माझा प्रश्न वेगळा आहे. पाहुणे आले नाहीत, तेव्हा कुणाकुणाची चूल थंडावली, याचा हिशेब कुणाकडे आहे?

वेस्ट इंडीज म्हटलं, की आपल्याला क्रिकेट आठवतं. त्या कॅरिबियन समुद्रात अशी छोटी बेटं आहेत, की आपल्या एखाद्या तालुक्याएवढीच लोकसंख्या, आणि पोट बरंचसं परदेशी पर्यटकांवर. २०१९ मध्ये त्या भागात मुक्कामाला सुमारे ३ कोटी २० लाख पर्यटक गेले होते, २०२० मध्ये सुमारे १ कोटी १० लाख. हा आकडा सांगता येतो, कारण बेटावर उतरणारा प्रत्येक माणूस विमानतळावर किंवा बंदरावर मोजला जातो. किती आले, किती दिवस राहिले, याची नोंद असते. त्यामुळं नुकसान केवढं झालं, ते निदान बोट ठेवून दाखवता येतं.

नाशिकला चारी बाजूंनी रस्ते. कोण आलं, कोण गेलं, कोण मोजणार? रामकुंडावर येणाऱ्याला तिकीट लागत नाही, आणि लागूही नये. पण पंचवटीच्या आणि त्र्यंबकच्या काही गल्ल्या त्या बेटांसारख्याच आहेत. तिथलं सगळं अर्थकारण बाहेरून येणाऱ्या माणसावर उभं आहे. एका यात्रेकरूमागे किती हात असतात बघा. रिक्षावाला, फुलवाली, पूजेचं साहित्य विकणारा, गुरुजी, मुंडण करणारा नाभिक, चहावाला, आमच्या चादरी धुणारा परीट, खोली झाडणारा पोऱ्या.

यातल्या कुणाला मदत मिळाली? एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं परवानाधारक रिक्षाचालकांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. त्याआधी, जून २०२० मध्ये केंद्रानं फेरीवाल्यांसाठी दहा हजारांच्या कर्जाची योजना आणली होती. मदत थोडी असेल, पण ती आली ती ज्याचं नाव कुठल्या तरी यादीत होतं त्याच्याकडे. रिक्षा एकाची, दिवसपाळीला चालवणारा दुसरा. परवाना मालकाच्या नावावर. परीट, पोऱ्या, घाटावर टोपली घेऊन बसणारी म्हातारी, ही माणसं कुठल्या यादीत होती? त्यांचं नुकसान झालं नाही असं नाही, ते कुठं लिहिलं गेलं नाही एवढंच.

सिंहस्थ आला, की आपल्याकडे आकड्यांचा पूर येतो. किती लाख भाविक, किती बस, किती शौचालयं, पोलीस किती. २०१५ च्या सिंहस्थात हे झालं आणि २०२६-२७ च्या सिंहस्थासाठीही हेच हिशेब. ते हवेतच. पण गर्दीचा अंदाज बांधताना गर्दीवर जगणाऱ्यांचीही एक यादी व्हावी. फार मोठं काम नाही. महापालिकेनं आणि त्र्यंबक नगरपरिषदेनं गल्लीवार नावं लिहून घ्यावीत, त्यांना एक साधं ओळखपत्र द्यावं, आणि ती यादी दरवर्षी तपासावी.

साथ पुन्हा कधी येईल हे कुणी सांगू नये. पण गोदावरीला पूर येतो, घाट बंद पडतात, हे आपण दर काही वर्षांनी पाहतोच. अशा वेळी यात्रेकरू न येणं समजण्यासारखं आहे. त्याला घर आहे, तो घरी थांबतो. घाटावरच्या माणसाला मात्र घाट हेच दुकान आहे, आणि ते बंद झालं तर त्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं असायला हवं.