सिंहदरबारातील खुर्ची आणि सत्ता : नेपाळच्या पंतप्रधानांचा इतिहास
(पक्ष-अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्या शेजारच्या देशातील पंतप्रधानपदाचा इतिहास हा आहे. नेपाळ आपल्याला परका नाही. तिथला कम्युनिस्ट पक्ष १९४९ साली कलकत्त्यात, पुष्पलाल श्रेष्ठ यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. पुढे पंतप्रधान झालेले मनमोहन अधिकारी भारतात शिकत असताना १९४२ च्या 'चले जाव' लढ्यात उतरले होते.

या देशात ऑगस्ट २००८ ते जुलै २०२४ या सोळा वर्षांत, एकाच व्यक्तीची लागोपाठची फेरनेमणूक न मोजता, १३ सरकारे आली. त्यांपैकी ९ सरकारांचे पंतप्रधान कम्युनिस्ट होते. आणि तरीही ९ सप्टेंबर २०२५ रोजी तरुणांच्या संतापापुढे ज्या पंतप्रधानाला राजीनामा द्यावा लागला, तो एका कम्युनिस्ट पक्षाचाच अध्यक्ष होता. असे का घडले? व्यक्तींचे गुणदोष सांगून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. पंतप्रधानाची खुर्ची आणि राज्यसत्ता या दोन गोष्टी नेपाळात कधी एकत्र आल्या आणि कधी अलग झाल्या, हे तपासले पाहिजे.

राणांचे शतक

सप्टेंबर १८४६ मध्ये काठमांडूच्या राजवाड्यालगत कोत या शस्त्रागाराच्या आवारात दरबारी सरदारांची कत्तल झाली. तिच्यातून जंगबहादूर कुंवर वर आला आणि पंतप्रधान झाला. पुढल्याच वर्षी त्याने राजा राजेंद्र यांना पदच्युत करून त्यांच्या मुलाला गादीवर बसवले. १८५६ च्या सनदेने पंतप्रधानपद त्याच्या घराण्यात वंशपरंपरेने कायम झाले. ते बापाकडून मुलाकडे जात नसे, तर भावाकडून भावाकडे, वयाच्या क्रमाने जात असे. यामुळे घराण्यातच कारस्थानांना ऊत आला. १८८५ साली पंतप्रधान रणोद्दीप सिंह यांचा त्यांच्या पुतण्यांनीच खून केला. शाळा काढणारे व 'गोरखापत्र' सुरू करणारे देवशमशेर १९०१ साली जेमतेम चार महिने टिकले. त्यांचे भाऊ चंद्रशमशेर यांनी त्यांना हुसकावले.

या सत्तेचा बाहेरचा आधार इंग्रज साम्राज्यवाद हा होता. १८५७ च्या उठावात जंगबहादूर स्वतः फौज घेऊन इंग्रजांच्या मदतीला लखनौवर चालून गेला. त्याच्या मोबदल्यात पश्चिम तराईतील बांके, बर्दिया, कैलाली व कंचनपूर हा मुलूख नेपाळला परत मिळाला. उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे आणि बेगम हजरत महल यांनी नेपाळचीच वाट धरली. बेगमेचा अंत १८७९ साली काठमांडूत झाला.

आतला आधार जमिनीचा होता. राणा आणि त्यांच्या आश्रितांना करमाफ जमिनी मिळत. त्यांना 'बिर्ता' म्हणत. देशाच्या महसुलाला पंतप्रधानाची खाजगी मिळकत समजले जाई. चंद्रशमशेर यांनी या शतकी लुटीतून विसाव्या शतकाच्या आरंभी सिंहदरबार हा प्रचंड महाल स्वतःच्या निवासासाठी उभारला. पुढे तोच सरकारचे सचिवालय झाला. विरोधकांना काय मिळत होते, ते १९४१ साली दिसले : शुक्रराज शास्त्री, धर्मभक्त माथेमा, दशरथ चंद आणि गंगालाल श्रेष्ठ या चौघांना देहदंड देण्यात आला.

बिराटनगरपासून पंचायतीपर्यंत

१९४७ च्या मार्चमध्ये बिराटनगरच्या ज्यूट गिरणीत कामगारांचा संप झाला. या संपात विश्वेश्वरप्रसाद कोइराला, गिरिजाप्रसाद कोइराला आणि मनमोहन अधिकारी हे तिघेही उतरले आणि तुरुंगात गेले. तिघेही पुढे पंतप्रधान झाले. नेपाळच्या लोकशाही राजकारणाची सुरुवात दरबारात झाली नाही, गिरणीच्या फाटकावर झाली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

१९५० च्या सशस्त्र लढ्याने राणाशाही डळमळली. पण दिल्लीत जो समझोता झाला त्यात राजा, राणा आणि नेपाळी काँग्रेस यांना एकत्र बसवण्यात आले. फेब्रुवारी १९५१ मध्ये राणाशाही संपल्याची घोषणा झाली, आणि नव्या मंत्रिमंडळाचे पंतप्रधान कोण? तर राणा मोहनशमशेरच! त्याच वर्षी नोव्हेंबरात मातृकाप्रसाद कोइराला हे राणांच्या बाहेरचे पहिले पंतप्रधान झाले. पण राणांच्या हातून सुटलेली सत्ता जनतेकडे न येता राजवाड्यात गेली. १९५२ साली कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, ती १९५६ पर्यंत उठली नाही.

१९५९ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा मिळाल्या, कम्युनिस्टांना ४. विश्वेश्वरप्रसाद पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने बिर्ता रद्द करणारा कायदा केला, म्हणजे जुन्या सत्तेच्या मुळालाच हात घातला. पहिला लोकनियुक्त पंतप्रधान अठरा महिनेच टिकला. १५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्र यांनी सैन्याच्या बळावर त्याला अटक केली. दोनतृतीयांश बहुमत होते. पण सैन्य राजाचे होते.

यानंतरची तीस वर्षे पंचायत राजवटीची. पक्षांवर बंदी होती. तुलसी गिरी, सूर्यबहादूर थापा, कीर्तिनिधी बिष्ट असे पंतप्रधान राजाच्या मर्जीने येत आणि जात. त्यांच्या नावांची यादी लांब आहे, इतिहास थोडा आहे.

नऊ महिन्यांचे सरकार

१९९० च्या जनआंदोलनात नेपाळी काँग्रेस आणि संयुक्त वाम मोर्चा खांद्याला खांदा लावून लढले. ८ एप्रिलला राजाला पक्षबंदी उठवावी लागली. १९९१ च्या निवडणुकीत काँग्रेसला २०५ पैकी ११० जागा मिळाल्या. परंतु अंतर्गत भांडणामुळे गिरिजाप्रसादांनी तीन वर्षांतच संसद विसर्जित केली. नोव्हेंबर १९९४ मध्ये नेपाळ कम्युनिस्ट पक्ष (एकीकृत मार्क्सवादी-लेनिनवादी), म्हणजे एमाले, ८८ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि मनमोहन अधिकारी पंतप्रधान झाले.

हे अल्पमतातले सरकार होते आणि नऊ महिने टिकले. या मुदतीत त्याने 'आपले गाव आपणच उभारू' या कार्यक्रमाखाली प्रत्येक गावविकास समितीला थेट ३ लाख रुपये दिले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना दरमहा १०० रुपये भत्ता सुरू केला. केशव बडाल यांच्या अध्यक्षतेखाली जमीन सुधारणा आयोग नेमला. कुळ आणि मालक यांची दुहेरी मालकी संपवावी, अशी त्याची शिफारस होती. सप्टेंबर १९९५ मध्ये सरकार पडले आणि अहवाल कागदावर राहिला. वृद्ध भत्ता मात्र नंतरच्या कोणत्याही सरकारला बंद करता आला नाही. खुर्ची गेली तरी लोकांच्या हाती पडलेला हक्क टिकतो, हा या नऊ महिन्यांचा धडा आहे.

तो धडा पक्षानेच सोडून दिला. १९९७ मध्ये एमालेने पंचायत काळातील लोकेंद्रबहादूर चंद यांना पंतप्रधान करून स्वतः सत्तेत वाटा घेतला. १९९८ मध्ये पक्ष फुटला. १९९९ च्या निवडणुकीत दोन्ही गटांच्या मतांची बेरीज काँग्रेसच्या मतांहून अधिक भरत होती. पण बहुमत काँग्रेसला मिळाले. इकडे १९९६ पासून माओवाद्यांचे सशस्त्र युद्ध सुरू झाले होते. दहा वर्षांत त्यात सुमारे १७,००० माणसे बळी पडली.

प्रजासत्ताक आणि पाळीपाळीची सत्ता

राजे ज्ञानेंद्र यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये सर्व सत्ता हाती घेतली. एप्रिल २००६ मध्ये १९ दिवसांच्या जनआंदोलनाने ती हिसकावून घेतली आणि २८ मे २००८ रोजी संविधानसभेने राजेशाही रद्द केली. सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते पुष्पकमल दहाल 'प्रचंड' पंतप्रधान झाले. मे २००९ मध्ये त्यांनी सरसेनापतीला बडतर्फ केले. राष्ट्रपतींनी तो हुकूम फिरवला, आणि प्रचंड यांनी राजीनामा दिला. राजा गेला तरी सैन्यावर हुकूम कोणाचा, हा १९६० चा प्रश्न अजून उभाच होता.

नंतर माधवकुमार नेपाळ, झलनाथ खनाल, बाबुराम भट्टराई आले आणि गेले. २०१३ मध्ये तर सरन्यायाधीश खिलराज रेग्मी यांच्याकडे सरकार सोपवावे लागले. २० सप्टेंबर २०१५ रोजी नवी राज्यघटना लागू झाली. सरकारे वारंवार पडू नयेत म्हणून पंतप्रधानावर पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येणार नाही, अशी तरतूद तिच्यात आहे. २०१७ मध्ये एमाले आणि माओवादी यांच्या आघाडीने २७५ पैकी १७४ जागा जिंकल्या. मे २०१८ मध्ये दोन्ही पक्ष एक झाले. बहुमत होते, घटना होती, राजा नव्हता. अशी संधी नेपाळी कम्युनिस्टांना पूर्वी कधीही मिळाली नव्हती.

तिचे काय झाले? पंतप्रधान खड्गप्रसाद ओली आणि प्रचंड यांच्यातील वाद जमिनीचा नव्हता की मजुरीचा नव्हता. कोण किती काळ पंतप्रधान आणि कोण पक्षाध्यक्ष, हा होता. डिसेंबर २०२० मध्ये ओलींनी संसद विसर्जित केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. मार्च २०२१ मध्ये पक्षाचे एकीकरणही न्यायालयात रद्द ठरले. जुलैमध्ये न्यायालयाच्या आदेशाने काँग्रेसचे शेरबहादूर देउबा पंतप्रधान झाले. २०२२ नंतर ३२ जागांच्या बळावर प्रचंड पंतप्रधान, आणि २०२४ मध्ये काँग्रेसच्याच पाठिंब्याने पुन्हा ओली!

या साऱ्या काळात लाखो तरुण आखातात आणि मलेशियात मजुरीला जात होते. त्यांनी धाडलेला पैसा देशाच्या उत्पन्नाच्या चौथाईच्या आसपास पोचला. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली, तेव्हा तरुण रस्त्यावर आले. ८ तारखेच्या गोळीबारात १९ जण ठार झाले. दुसऱ्या दिवशी ओलींनी राजीनामा दिला. सिंहदरबार आणि संसद भवन पेटले. १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या, त्या पदावरील पहिली स्त्री.

दोन निष्कर्ष

पहिला : १९५९ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत निवडून आलेल्या एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पुरी केली नाही. याचा दोष सुरुवातीला राजवाड्याच्या माथी मारता येत होता. २००८ नंतर तशी सोय उरली नाही. जुन्या शत्रूने केलेला पराभव आणि आपल्या फुटीने ओढवलेला पराभव यांत फरक केला पाहिजे. दुसऱ्याची जबाबदारी साम्राज्यवादावर ढकलणे म्हणजे आत्मवंचना होय.

दुसरा : सरकारची किंमत त्याच्या आयुष्यमानावर ठरत नाही. अठरा महिन्यांच्या सरकारने बिर्ता मोडली, नऊ महिन्यांच्या सरकारने म्हाताऱ्यांच्या हाती हक्क दिला. साडेतीन वर्षे जवळजवळ दोनतृतीयांश बहुमत घेऊन बसलेल्या सरकारच्या नावावर मात्र आज प्रामुख्याने भांडणच उरले आहे. आपल्या राज्यांतही सत्तेत जाण्याचा, आघाड्यांचा, फुटीचा अनुभव आपल्याला आहे. तेव्हा नेपाळच्या कॉम्रेडांना दूषणे देऊन मोकळे होण्याऐवजी, हा हिशेब आपल्याही वहीत मांडून पाहावा, एवढी विनंती करून मी थांबतो. आता आपण प्रश्न विचारावेत.