बिनतारी कान
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



नोकरीच्या पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरील एका मुलास मी 'लक्ष देत नाही' म्हणून वारंवार शिक्षा केली. तो बहिरा होता, हे मला सहामाहीनंतर कळले. आईबापांस ते ठाऊक होते. त्यांनी लपविले होते. ती टोचणी अद्यापि आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

आपल्या कानाच्या आत शंखाकृती नलिका असते. तीतील सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी ध्वनीचे विद्युत्संदेश करून मज्जातंतूस देतात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग मज्जातंतूसच थेट वीज का देऊ नये? पॅरिस येथे १९५७ साली आंद्रे जूर्नो व शार्ल एरिएस यांनी एका ठार बहिऱ्या गृहस्थाच्या शरीरात तारेचे वेटोळे बसविले आणि त्वचेबाहेरील दुसऱ्या वेटोळ्यातून, मध्ये तार न ठेवता, वीज पोचविली. त्यास आवाज जाणवला, मोजके शब्दही ओळखू येऊ लागले. पुढे ते यंत्र बिघडले. दुसरे बसविले, तेही बिघडले. परंतु वाट सापडली होती. १९७८ साली मेलबर्न येथे ग्रॅम क्लार्क यांनी अनेक विद्युदग्रांचे यंत्र बसविले. त्यांचे स्वतःचे वडील कमी ऐकत असत.

आजच्या कॉक्लियर इम्प्लांटच्या आतील भागात बॅटरी नसते. कानामागील यंत्र त्वचेतून बिनतारी लहरींनी त्यास वीज आणि ध्वनी दोन्ही पुरविते. मात्र येणारा ध्वनी आपल्यासारखा नसतो. त्याचा अर्थ लावावयास मेंदूस शिकावे लागते, आणि जन्मबधिर मुलाचे हे शिकणे पहिल्या काही वर्षांतच उत्तम होते. म्हणूनच केंद्र सरकारच्या साहाय्य योजनेत अशा मुलांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. उत्पन्नाचीही अट आहे. मुंबईस वांद्रे येथील अली यावर जंग संस्था हे काम पाहते. तान्ह्या मुलाची प्राथमिक श्रवणचाचणी तर झोपेत, काही मिनिटांत होते.

'मुलगी असली तर पुढे लग्न कसे जमावयाचे?' ही कुजबूज मला येथवर ऐकू येते. वधूवर-सूचीच्या भयाने आपण ती पाच वर्षे घालवितो आणि मग नवससायास करीत बसतो!

सभेनंतर मी दारापाशी थांबणार आहे. ज्यांस त्या संस्थेचा पत्ता हवा असेल त्यांनी मागून घ्यावा. कोणासाठी हवा, ते मी विचारणार नाही.