तसबिरीची चौकट निखळली तर

भिंतीवरची तसबीर पडते, काच वाचते, पण चौकटीचा कोपरा उघडतो. हल्ली लाकडासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच चौकटी पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. तुटलेल्या जागी आत पांढरा, फोमसारखा भाग दिसला, तर ओळखावं.

इथे लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल फारसा कामाचा नाही. त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो सुकतो आणि प्लॅस्टिक काही पाणी शोषत नाही. त्यापेक्षा अरल्डाइटसारखा दोन ट्यूबचा डिंक घ्यावा. फेव्हिक्विकही चालतं, पण त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी साय धरते. म्हणून काच आणि फोटो आधी बाहेर काढून ठेवायचे.

कोपऱ्याच्या दोन्ही कडा पंचेचाळीस अंशांत कापलेल्या असतात. जुना डिंक खरवडून काढा, पण थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायचा मोह टाळा. त्यातल्या ॲसिटोनने पॉलिस्टायरीन चक्क विरघळतं! कडा जुळवल्यावर चौकट सपाट टेबलावर ठेवून दोरीने चारी बाजूंनी आवळावी आणि रात्रभर तशीच राहू द्यावी. घाई केली की कोपरा तिरका बसतो, मग काचही नीट बसत नाही.

टवका उडाला असेल तर एम-सील भरा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि वरून पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक सोनेरी रंग लावा. तसबीर जड असेल, तर टांगायचा हूक नव्याने सांधलेल्या कोपऱ्याजवळ मात्र ठोकू नका.