युद्धकैदी, सरकारी गुप्तता आणि जनतेचा हक्क

(पाचगणी येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील बंधूंनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो प्रथमदर्शनी आपल्या घरापासून फार दूरचा वाटेल. युद्धात पकडल्या गेलेल्या माणसांचे हाल, ते हाल झाकून ठेवणारी सरकारे आणि त्या सरकारांना जाब विचारण्याचा सामान्य माणसाचा अधिकार, हा तो विषय होय. आपणांपैकी कोणी म्हणेल, "वकीलसाहेब, मुलांच्या शिष्यवृत्तीचे सांगा, दाखल्यांचे सांगा, जमिनीचे सांगा, युद्धकैद्यांशी आमचा काय संबंध?" माझे उत्तर असे की, संबंध आहे आणि तो निकटचा आहे. सातारा जिल्हा सैनिकांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून आपल्या कित्येक घरांतील मुलगे सरहद्दीवर गेले आहेत. ज्या घराने मुलगा दिला, त्या घराला तो परत न आल्यास त्याचे काय झाले हे कळण्याचा हक्क आहे की नाही? असल्यास तो कोणाकडून मागावयाचा? या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. दुसऱ्या महायुद्धातील अत्याचारांनंतर १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनीव्हा येथे चार करार झाले. त्यांपैकी तिसरा करार युद्धकैद्यांविषयी आहे. भारताने व पाकिस्तानने तो मान्य केला आणि भारताने १९६० साली त्यासाठी स्वतंत्र अधिनियमही केला. या करारातील काही कलमे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावीत अशी आहेत. कैदी हा त्याला पकडणाऱ्या सैनिकाच्या किंवा तुकडीच्या मर्जीवर नसून त्याची जबाबदारी पकडणाऱ्या सरकारची आहे, असे बारावे कलम सांगते. त्याला माणुसकीने वागविले पाहिजे, त्याची विटंबना होता कामा नये, हे तेरावे कलम. छावणीत पोहोचल्यापासून फार तर एका आठवड्याच्या आत त्याला आपल्या घरी कार्ड लिहू दिले पाहिजे, हे सत्तरावे कलम. कैद्यांची नावे नोंदविणारी कचेरी युद्धाच्या आरंभीच उघडली पाहिजे आणि ती नावे दुसऱ्या बाजूस कळविली पाहिजेत, हे एकशेबाविसावे कलम. पहारेकऱ्याच्या हातून कैदी मेला, किंवा त्याच्या मृत्यूचे कारण कळले नाही, तर ताबडतोब अधिकृत चौकशी झाली पाहिजे, हे एकशेएकविसावे. आणि लढाई थांबल्यावर विनाविलंब सर्वांना सोडले पाहिजे, हे एकशेअठरावे.

या सर्व कलमांचे सार मी एका शब्दात सांगतो. तो शब्द म्हणजे यादी. ज्याचे नाव यादीत आले, त्याला मारणाऱ्याला उद्या उत्तर द्यावे लागते. ज्याचे नाव कोठेच नाही, त्याचे काहीही करता येते आणि नंतर असा माणूस आपल्याकडे नव्हताच असे सांगता येते. म्हणून छळाची पहिली पायरी म्हणजे नाव दडविणे होय.

याचे एक भयंकर उदाहरण या पाचगणीच्या आठवणीशी जोडलेले आहे. महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळीवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसेच अधिक. त्या निर्वासितांपैकी काहींना प्रकृतीसाठी व शिक्षणासाठी पाचगणीस ठेवले होते. एवढ्या बायकामुलांबरोबर पुरुष इतके थोडे कसे, असा प्रश्न तेव्हा येथील लोकांना पडला असेल. कित्येक पुरुष सैन्यात होते, कित्येक सैबेरियाच्या थंडीत मेले होते. आणि एका मोठ्या समूहाचे काय झाले, हे कोणतेच सरकार सांगत नव्हते. १९३९ साली सोव्हिएत सैन्याने पकडलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची घरी येणारी पत्रे १९४० च्या वसंतात एकाएकी बंद झाली. ५ मार्च १९४० च्या एका निर्णयान्वये सुमारे बावीस हजार युद्धकैदी व इतर बंदी कातिनच्या अरण्यात आणि अन्यत्र गोळ्या घालून ठार करण्यात आले होते.

एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी कातिनची प्रेते जगापुढे मांडली, तेव्हा सोव्हिएत सरकारने तो दोष जर्मनांवरच ढकलला. जर्मन सरकार स्वतः असंख्य माणसांचे मारेकरी होते, म्हणून ही थाप खपून गेली. ब्रिटन व अमेरिका यांच्या सरकारांपाशी खरी माहिती दर्शविणारे अहवाल पोहोचले होते. परंतु सोव्हिएत रशिया युद्धातील मित्र, म्हणून त्यांनी ते कपाटात ठेविले. अखेर १३ एप्रिल १९९० रोजी सोव्हिएत सरकारने दोष कबूल केला आणि मूळ निर्णयाचा कागद १९९२ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. मधल्या पन्नास वर्षांत ज्या विधवा मेल्या, त्यांना आपला नवरा कोठे पुरला आहे हे अधिकृतपणे कोणी सांगितले नाही. हे गुपित कोणापासून राखले होते? शत्रूला तर ते १९४३ मध्येच ठाऊक झाले होते. ते राखले गेले मेलेल्यांच्या बायकामुलांपासून.

आता आपल्या घरात येऊ. ५ डिसेंबर १९७१ रोजी भारतीय विमानदलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पश्चिम पाकिस्तानात शोरकोटच्या हल्ल्यात पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी त्याच दिवशी पाकिस्तानी वृत्तपत्रात आली आणि तांबे या नावाशी जुळणारे नाव तीत होते. त्याच महिन्यात 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने गजांआड असलेल्या एका भारतीय कैद्याचे छायाचित्र छापले. तो आमचाच अधिकारी, असे एका कुटुंबाने ओळखून सांगितले. परंतु कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा ही माणसे परत आली नाहीत.

१९७२ साली सिमला करार झाला. भारताच्या ताब्यात पूर्वेकडील शरणागतीनंतरचे सैनिक व नागरी मिळून सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते. ते क्रमाक्रमाने परत गेले. आपले जे परत आले नाहीत, त्यांची यादी सात वर्षांनी, १९७९ मध्ये, लोकसभेतील एका प्रश्नाच्या उत्तरात पुढे आली. पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे मानले जाणारे चोपन्न युद्धकैदी, हा आकडा भारत सरकारने पुढेही अनेकदा संसदेत दिला आहे. पाकिस्तानने असे कैदी आपल्याकडे असल्याचे नाकारले आहे. २००७ साली चौदा नातलग पाकिस्तानच्या तुरुंगांतून हिंडून आले. हाती काही लागले नाही.

येथे मी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही सर्व माणसे खरोखर तुरुंगात जिवंत होती, असे मी म्हणत नाही. काही त्याच दिवशी पडली असतील. परंतु सैनिक जिवंत आहे की मेला, याचा शोध घेणे आणि आपणांस काय कळले, कसे कळले हे घराला सांगणे हे सरकारचे कर्तव्य आहे. दमयंतीबाईंनी आपल्या आयुष्याची वर्षेच्या वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजविण्यात घालविली. त्या भिक्षा मागत नव्हत्या. कागद मागत होत्या.

२०११ च्या डिसेंबरात गुजरात उच्च न्यायालयाने या कैद्यांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन देशांतील प्रश्न दोन देशांतच सोडवावयाचे, अशी भूमिका घेतली. आणि २०१२ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. यानंतर पाच वर्षांनी काय झाले ते पाहा. आपल्या शेजारच्या जावळी तालुक्यातील आनेवाडीशी ज्यांच्या घराण्याचा संबंध आहे, त्या कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने बंद दाराआड देहान्ताची शिक्षा दिली. तेव्हा मात्र भारत सरकार हेग येथील त्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला: वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू न देऊन पाकिस्तानने करार मोडला आहे, आणि शिक्षेचा फेरविचार झाला पाहिजे. जाधव यांचे प्रकरण युद्धकैद्याचे नव्हे, आणि ज्या करारावर तो दावा उभा होता तो करारही निराळा, हे वकील म्हणून मला सांगितले पाहिजे. जिनीव्हा कराराखाली त्या न्यायालयाचा दरवाजा तितक्या सहज उघडत नाही. तथापि उघड्या न्यायालयात प्रश्न मांडल्याने राष्ट्राची अब्रू जात नाही, उलट माणसाचा जीव तूर्त वाचतो, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध झाले.

गुप्ततेचा दोष एकाच देशाच्या माथी मारता येत नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालात झालेल्या अत्याचारांबद्दल १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवावयाचे ठरले होते. ९ एप्रिल १९७४ रोजी भारत, पाकिस्तान व बांगलादेश यांच्यात करार झाला आणि त्या सर्वांना खटल्यावाचून सोडण्यात आले. पाकिस्तानने स्वतःच्या पराभवाची चौकशी करण्यासाठी आपल्या सरन्यायाधीशांच्या, म्हणजे हमुदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. त्या आयोगाने वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांवर खटले भरण्याची शिफारस केली. तो अहवाल दडपून ठेवण्यात आला. २००० साली तो एका भारतीय नियतकालिकात फुटला, तेव्हा कोठे पाकिस्तान सरकारने त्यातील भाग खुला केला. जिनीव्हा कराराचे एकशेएकतिसावे कलम सांगते की, गंभीर गुन्ह्यांच्या जबाबदारीतून कोणतेही राष्ट्र स्वतःला किंवा दुसऱ्याला मुक्त करू शकत नाही. हे कलम जागच्या जागी राहिले आणि तिन्ही सरकारांनी मिटवामिटव केली. ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांना या करारात कोणी विचारले काय?

कोणी म्हणेल, युद्धाच्या काळात गुप्तता नको काय? अवश्य हवी. सैन्य कोठे आहे, शस्त्रे किती आहेत, हे चव्हाट्यावर सांगण्याची मागणी कोणी शहाणा करणार नाही. परंतु लढाई संपून पन्नास वर्षे झाल्यावर कैद्याचे काय झाले, हे गुपित कोणत्या तोफेचे रक्षण करते? ब्रिटिशांनी १९२३ साली केलेला शासकीय गुपिते अधिनियम आजही जिवंत आहे. पण त्यावर मात करणारे कायदेही आता आहेत. १९७५ मध्ये राज नारायण खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी, सरकारी सेवक जनतेच्या वतीने जे करतात ते जाणण्याचा जनतेला अधिकार आहे, असे तत्त्व सांगितले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या आठव्या कलमात, लोकहित मोठे असल्यास गुपिताचा अडसर बाजूला सारता येतो, अशी तरतूद आहे. चोविसाव्या कलमाने गुप्तचर संस्थांना सूट दिली. परंतु मानवी हक्कांच्या भंगाचा आरोप असेल, तर माहिती आयोगाच्या संमतीने तीही माहिती मिळू शकते. आणि जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर उत्तर अठ्ठेचाळीस तासांत दिले पाहिजे, असे सातवे कलम बजावते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: आपला काय संबंध? सरहद्दीवरील कैद्याला जी यादी वाचविते, तीच यादी गावच्या पोलीस ठाण्यातही माणसाला वाचविते. १९४९ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत एक कलम मांडले. ते आज बाविसावे कलम म्हणून ओळखले जाते. अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. बंद खोलीत माणसाचे काय होते, हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला हे कलम लागू नाही. परंतु एकविसाव्या कलमात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. म्हणजे आपल्या ताब्यातील शत्रूचा कैदीसुद्धा त्या कलमाच्या छायेत येतो. आपल्या माणसासाठी जो न्याय मागावयाचा, तोच आपल्या हाती सापडलेल्याला द्यावयाचा. नाहीतर आपल्या मागणीला वजन राहत नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण तो अद्याप कायम केलेला नाही. २०१० साली लोकसभेने संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक पुढे बारगळले. हेही आपण विचारले पाहिजे.

परभणीचे सोमनाथ सूर्यवंशी यांचे नाव आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या प्रकरणात हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला आणि १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू पावला. शवविच्छेदनाच्या अहवालाने अंगावरील अनेक जखमा दाखविल्या. आईने न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेविला. तेथे युद्ध नव्हते, परकी सैन्य नव्हते. बंद दार मात्र होते. ते दार इतपत तरी उघडले, ते एका कागदाने आणि एका आईच्या चिकाटीने.

म्हणून मी आपणांस तीन गोष्टी सांगतो. घरातील कोणी सैन्यात असेल, तर त्याचा क्रमांक, तुकडी, पत्रे आणि नेमणुकीचे कागद जपून ठेवा. कोणाला अटक झाली, तर अटकेच्या कागदाची प्रत मागा, त्यावरील दिवस आणि वेळ वाचा आणि वैद्यकीय तपासणी झाली की नाही हे विचारा. आणि सरकारकडून "माहिती उपलब्ध नाही" असे उत्तर आले, तर ते लेखी घ्या; कारण लेखी नकारावर अपील करता येते, तोंडी नकारावर नुसते रडता येते.

आपल्या पूर्वजांवर पिढ्यान्‌पिढ्या जे अत्याचार झाले, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. त्यांची नावे लिहून ठेवावीत, असे कोणास वाटले नाही. आपण लिहावयास शिकलो आहोत. तेव्हा नावे लिहा, नावे मागा. आणि कोणतेही सरकार, मग ते परके असो वा आपले, एखाद्या माणसाचे नाव पुसू लागले, तर त्याचा हात धरा.

जय भीम!